भट्टीवर कोण टिकतं?

जालन्याच्या एमआयडीसीची गोष्ट सांगायची एक ठरलेली रीत आहे. इथे लोहखनिज नाही, कोळसा नाही, बंदर नाही, पाण्याची तर कायमचीच बोंब; तरीही सळई म्हटलं की महाराष्ट्रात जालन्याचं नाव निघतं. हे कशाच्या बळावर? तर व्यापाऱ्यांच्या हिमतीवर आणि बिहार-यूपीच्या मजुरांच्या घामावर. एवढं झालं की सांगणारा आवाज जरा खाली आणतो आणि पुढचं वाक्य टाकतो: आपली पोरं भट्टीवर टिकत नाहीत. कारखानदार हे म्हणतात, पुढारी म्हणतात, आणि गंमत अशी की ज्यांची पोरं टिकत नाहीत ते बापही मान डोलावतात.

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. ते सांगितलं जातं निरीक्षण म्हणून, पण वापरलं जातं निकाल म्हणून. निकाल एकदा लागला की पाळी किती तासांची, पगार कुणाच्या हातून, मजूर राहतो कुठे, हे विचारायची गरजच उरत नाही.

पूर्वपक्ष मात्र आधी पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा, कारण त्यात तथ्य आहे. इंडक्शन भट्टी हे साधं काम नव्हे. भंगार येतं ते नाना जातींचं: जहाजं फोडून निघालेले पत्रे, कारखान्यांच्या कातरणीचे दाबलेले गठ्ठे, बंदरावर उतरलेला परदेशी माल, जोडीला छत्तीसगडकडचं स्पंज आयर्न. तांब्याच्या वेटोळ्यातून वीज सोडली की आतलं लोखंड स्वतःच तापत जातं आणि सोळाशे अंशांच्या आसपास त्याचं पाणी होतं. टनामागे साधारण सहाशे युनिट वीज खाल्ली जाते. वेटोळं वितळू नये म्हणून त्याच्या आतून सतत पाणी फिरवतात. त्या पाण्याच्या आणि रसाच्या मध्ये असतं ते ठोकून बसवलेल्या सिलिकाच्या भुकटीचं काही इंचांचं अस्तर. ते दर वितळणीला थोडं झिजतं. कुठवर झिजलंय याचा अंदाज चुकला तर पाणी आणि रस एकमेकांना भेटतात, आणि मग पळायलाही वेळ मिळत नाही.

भट्टीच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस निळ्या काचेतून रसाचा रंग वाचतो, लांब गजाने वरची मळी ओढून काढतो आणि वरून भंगार सोडत राहतो. त्या भंगारात दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, रिकामी गॅस टाकी, गाडीचा शॉकॲब्जॉर्बर किंवा पावसात भिजलेला गठ्ठा गेला तर आतली हवा आणि वाफ क्षणात फुगते आणि रस कारंज्यासारखा बाहेर पडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्यातल्या एका स्टील कारखान्यात भट्टीच्या स्फोटात वीसहून अधिक कामगार भाजले. पुढच्या टप्प्यावरही जिवाला सुख नाही. रस लेडलमधून कास्टिंगवर जातो, त्याचे बिलेट होतात आणि ते रोलिंगला लागतात. जुन्या मिलमध्ये रोलमधून बाहेर येणारा लालबुंद गज माणूसच चिमट्याने धरतो आणि फिरवून पुढच्या रोलच्या तोंडी देतो. गज हुकला तर सापासारखा उसळतो.

तेव्हा कारखानदार म्हणतो, हे काम करायला जात्याच कणखर आणि हाताने तयार माणूस लागतो. आमच्या मराठवाड्यातला पोरगा दोन दिवस येतो, तिसऱ्या दिवशी त्याच्या गावात लग्न असतं. हाताने तयार माणसाबद्दलचा मुद्दा मी निमूट मान्य करतो. चिमटा धरणारे आणि भट्टी सांभाळणारे मिस्त्री पंजाबातल्या मंडी गोबिंदगडपासून रायपूरपर्यंतच्या मिली पालथ्या घालून आलेले असतात. असं कसब एका पिढीत उगवत नाही, आणि ते दुसऱ्या प्रांतातून आलं म्हणून त्याचा हेवा करण्यातही अर्थ नाही. पण मिस्त्री मोजके. भंगार उचलणारे, मळी काढणारे, बिलेट ओढणारे, गठ्ठे बांधणारे, गाडी भरणारे हात त्यांच्या कितीतरी पट. त्या हातांबद्दल बोलू.

कणखरपणाचा मुद्दा एका ओळीत निकाली निघतो. दसरा-दिवाळी झाली की जालना जिल्ह्यातूनच टोळ्या निघतात. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबडकडचे नवरा-बायकोचे कोयते मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर जातात. पहाटेच्या अंधारात तोडणी सुरू होते. पाचट सोलायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. राहायला पालाची खोप. हे सहा महिने, एखाद-दुसरा दिवस नव्हे. ही माणसं कुणी सर्वेक्षण करून शोधून काढलेली नाहीत. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये वसतिगृहांची योजना आणली, तेव्हा पहिल्या टप्प्यात बीड आणि अहमदनगरच्या शेजारी जालन्याचं नाव सरकारनेच घातलं. ज्या जिल्ह्यातून माणसं ऊस तोडायला चारशे-पाचशे किलोमीटर जातात, त्याच जिल्ह्यातली माणसं कष्टाला कचरतात, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

कुणी म्हणेल, कष्ट वेगळे आणि चिकाटीचं, नजरेचं काम वेगळं. त्यालाही उत्तर जालन्यातच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी उभी केली. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि जालना बियाण्यांचं गाव म्हणून देशभर ओळखलं जाऊ लागलं. संकरित कपाशीचं बियाणं प्रयोगशाळेत पिकत नाही. ते शेतात पिकतं आणि त्यासाठी संध्याकाळी एकेका कळीतले पुंकेसर नखाने काढावे लागतात, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग त्यावर फिरवावा लागतो. फूल न फूल, महिना-दीड महिना. हे 'क्रॉसिंग' जालना आणि पलीकडच्या देऊळगाव राजाच्या शिवारांत बायकांनी केलं, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे पोरासोरांनीही केलं. बियाणे कंपन्यांनी कधी तक्रार केली नाही की इथली माणसं टिकत नाहीत.

मग भट्टीवरच का टिकत नाहीत? याचं उत्तर शोधायला जालन्याच्या बाहेर जावं लागतं, कारण ही तक्रार जालन्यात जन्मलेली नाही.

मुंबईच्या गिरण्यांचे मालक शंभर वर्षांपूर्वी हेच बोलत होते. तेव्हा आरोपी होता रत्नागिरीकडचा कोकणी आणि घाटावरचा मराठा. तो पेरणीला गावी पळतो, शिमग्याला पळतो, त्याला कारखान्याची शिस्त मानवत नाही, वगैरे. मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ मध्ये गिरण्यांच्या नोंदी धुंडाळून ही समजूत पार उलटी केली: मजुरांची वाण कधी नव्हतीच, आणि शिस्त नसेल तर ती मालकांच्या कामकाजाच्या पद्धतीत नव्हती. राजनारायण चंदावरकर यांनी पुढे दाखवलं की गावाशी असलेला तो धागा म्हणजे मजुराचा विमा होता. आजारपण, बेकारी, संप यांत गिरणी काही देत नसे, गाव देत असे. म्हणजे ज्या माणसाला आज मुंबईत 'भूमिपुत्र' म्हणून गौरवतात, त्याच्या आजोबांवर आळसाचा शिक्का मारून झालेला आहे. जालन्याचा कारखानदार तोच शिक्का पुन्हा वापरतो आहे, फक्त शाई नवी.

या कोड्याचं सर्वांत नेमकं उत्तर डच अभ्यासक यान ब्रेमन यांच्याकडे मिळतं. दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या साखर कारखान्यांच्या फडांवर ऊस तोडायला खानदेशातून, म्हणजे आपल्याच धुळ्याकडून, टोळ्या येत. मात्र त्याच फडांच्या कडेला राहणारे भूमिहीन हळपती बेकार बसत किंवा विटभट्ट्यांवर, मिठागरांवर दूर निघून जात. बागायतदार म्हणत, हळपती आळशी, दारूडा, भरवशाचा नाही. ब्रेमन यांनी वर्षानुवर्षं तिथे काढून लिहिलं की खरी गोष्ट वेगळीच आहे. परका मजूर रात्री उठवला तर उठतो, त्याला कुठे जायला जागा नाही, त्याच्या वतीने बोलायला गावातला कुणी नाही, आणि हंगाम संपला की तो नाहीसा होतो. हळपतीला मात्र घर असतं, नातेवाईक असतात, आणि मतसुद्धा असतं. खानदेशच्या मजुराची गरिबी आणि हळपतीची बेकारी या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर लॉर्ड लंडनडेरी यांच्या कोळशाच्या खाणी होत्या; कोळसा जहाजात भरायला त्यांनी सीहॅम हे बंदर बांधलं. १८४४ मध्ये डरहॅमच्या खाणकामगारांनी वर्षाच्या करारनाम्याविरुद्ध संप केला, तेव्हा या महाशयांनी आयर्लंडमधल्या आपल्याच जमीनदारीतले मजूर आणून खाणीत उतरवले आणि संपकऱ्यांना घराबाहेर काढलं. संपकऱ्यांना माल देऊ नका असा दम सीहॅमच्या दुकानदारांना भरला. डरहॅमचा खाणकामगार पिढीजात होता. त्याला कोळसा फोडता येत नाही असं म्हणायची सोय नव्हती, म्हणून तिथे निदान कारण तरी उघड बोललं गेलं. आपल्या देशात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोळसा खाणींसाठी गोरखपूरहून मजूर भरती होऊ लागली. त्यांना छावण्यांत, कुटुंबाविना, पहाऱ्यात ठेवत आणि मुदत संपली की परत पाठवत. युनियनवाल्यांना त्या छावणीच्या फाटकाच्या आत पाय ठेवणं कठीण होतं. सोय होती ती नेमकी हीच.

आता जालन्याकडे परत या आणि स्थानिक पोरगा का नको ते मोजा. तो बदनापूरहून किंवा जाफराबादहून मोटरसायकलवर येतो, पाळी संपली की जातो. सलग दुसऱ्या पाळीला धरून ठेवता येत नाही. भाजला तर संध्याकाळपर्यंत गावचे वीस जण फाटकावर उभे राहतात, सरपंच येतो, एखादा आमदार फोन करतो. ठेकेदाराने पगार अडवला तर ठेकेदाराचं घर त्याला माहीत असतं. मध्य प्रदेशातल्या शहडोलहून किंवा झारखंडातल्या पलामूहून आलेला माणूस कारखान्याच्या आवारातल्या नाहीतर लगतच्या खोल्यांत राहतो, दहा जणांत एक चूल. बारा तासांची पाळी त्याला चालते, कारण उरलेल्या बारा तासांत त्याला या गावात दुसरं काही करण्यासारखं नाही. त्याच्या अंगात पोलाद जास्त आहे म्हणून तो टिकत नाही. त्याचं घर हजार किलोमीटरवर आहे म्हणून टिकतो. आणि मंठ्याचा माणूस कर्नाटकाच्या फडावर टिकतो तोही याच कारणाने.

शहडोलचं नाव मी सहज घेतलेलं नाही. ८ मे २०२० ची पहाट आठवा. आदल्या संध्याकाळी जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे वीस मजूर औरंगाबादच्या दिशेने रेल्वेरुळांवरून चालत निघाले होते. पौर्णिमेची रात्र होती, त्यामुळे वाट दिसत होती. गावी जायचा पास त्यांनी मागितला होता. उत्तर आलं नव्हतं, असं वाचलेल्यांनी पुढे सांगितलं. रस्त्यावर पोलिसांची नाकेबंदी, रुळांवर मात्र कुणी अडवत नव्हतं, आणि कोरोनाच्या टाळेबंदीत गाड्या बंद आहेत अशी समजूत. बदनापूर ओलांडून करमाडच्या अलीकडे ते थकून बसले आणि तिथेच झोपले. सव्वापाचच्या सुमारास मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोकडे रिकाम्या टँकरची मालगाडी आली. सोळा जण गेले. अकरा शहडोल जिल्ह्यातले, पाच उमरियाचे. बहुतेक गोंड आदिवासी.

या घटनेवरही एक रूढ मत आहे, आणि ते आपल्या पहिल्या मताचं सख्खं भावंड आहे: रुळावर कुणी झोपतं का? आठवडाभरात, १५ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही एका अर्जावर बोलताना याच आशयाचा प्रश्न केला आणि अर्ज फेटाळला. हा प्रश्न विचारणाऱ्याने दुसरा प्रश्न गाळलेला असतो. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा सांगत होता की पाच किंवा अधिक असे मजूर असतील तर ठेकेदाराला परवाना हवा, मजुराला फोटोसह पासबुक हवं, जाण्यायेण्याचं भाडं आणि प्रवासातल्या दिवसांची मजुरी हवी, आणि ठेकेदाराने हात वर केले तर जबाबदारी मूळ मालकाची. एक्केचाळीस वर्षं जुना कायदा. तो पाळला गेला असता तर जालन्यात कोणत्या जिल्ह्याचे किती मजूर आहेत हे एका दिवसात कळलं असतं, आणि १ मे पासून सुरू झालेल्या श्रमिक गाड्यांपैकी एक जालन्यातून कुठे सोडायची हेही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाने संसदेत सांगितलं की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मात्र याच जालन्यात आयकर खात्याचे लोक लग्नाच्या वऱ्हाडाचे स्टिकर लावलेल्या गाड्यांतून आले आणि ५८ कोटींची रोकड नोटेगणिक मोजून गेले. म्हणजे मोजता येत नाही असं नाही.

आणखी एक गोष्ट या घटनेत दडलेली आहे जिच्याकडे कुणी पाहिलं नाही. शहडोल आणि उमरिया हे कोळशाचे जिल्हे आहेत. उमरियाची खाण संस्थानी काळातली, एकोणिसाव्या शतकातली. शहडोलचं सोहागपूर कोळसाक्षेत्र, धनपुरी-बुढारच्या खाणी, आणि उमरियातच बीरसिंहपूरचं औष्णिक वीजकेंद्र. दगडी कोळशाच्या उशाशी जन्मलेला गोंड तरुण जालन्यात भंगार वितळवायला का येतो? जालन्याचं तर्कशास्त्र लावायचं तर म्हणावं लागेल, की त्याच्या गावी खाणीवर 'स्थानिक पोरं टिकत नाहीत'. मला खात्री आहे की तिथेही हे वाक्य कुणीतरी बोलत असेल. उघड्या खाणींत यंत्रं आली, कायम नोकऱ्या आटल्या, उरलेलं काम ठेक्यावर गेलं. शहडोलचा जालन्याला, जालन्याचा बेळगाव-कोल्हापूरकडे, धुळ्याचा बारडोलीला: प्रत्येक गावचा आळशी दुसऱ्या गावी जाऊन कष्टाळू ठरतो.

म्हणून 'परप्रांतीय हटवा' हा उपाय मला मान्य नाही. तो पहिल्या मताला शिंगं लावून केलेलं दुसरं मत आहे. मंठ्याचा आणि शहडोलचा माणूस एकाच ठेक्याच्या दोन टोकांना उभे आहेत. सवलती घेणाऱ्या उद्योगांत ८० टक्के स्थानिक असावेत हे राज्याचं धोरण १९६८ पासून आहे. आता एक तर हे ८० टक्के कागदावर भरलेले आहेत, किंवा 'सगळे बाहेरचे' ही ओरड खोटी आहे. पण आकडा खरा करूनही बारा तास आणि ठेकेदार तसेच राहिले तर बदनापूरचा पोरगा आठवड्यात पळेल, आणि त्याने पळावंच.

त्याला काय हवं आहे हे त्याने लपवलेलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि हा जिल्हा देशाच्या बातम्यांत आला. त्या आंदोलनाच्या मागणीशी कुणी सहमत असो वा नसो, हजारो तरुण आरक्षणातून मागत काय होते ते पाहावं: महिन्याच्या ठरल्या तारखेचा पगार, रजा, आजारपणाची सोय, म्हातारपणी काहीतरी. एमआयडीसी त्यांच्या तालुक्याच्या शेजारी असून त्यांना ती नोकरी वाटत नाही. यात आळसाचा संबंध कुठे येतो?

शेवटचा आक्षेप कारखानदारांचा असेल आणि तो गंभीर आहे: सळईच्या धंद्यात मार्जिन पातळ, रायपूरवाल्याची वीज स्वस्त, आठ तासांच्या तीन पाळ्या लावल्या तर जालना बंद पडेल. यावर दोन गोष्टी. पहिली: टनभर सळईच्या खर्चात सिंहाचा वाटा भंगाराचा आणि स्पंजचा, त्यानंतर विजेचा. भट्टीवरच्या मजुरीचा वाटा त्या मानाने किरकोळ असतो. तिसरी पाळी लावून बुडेल असा कारखाना भंगाराच्या भावातल्या एका उसळीनेही बुडेल. आणि दुसरी गोष्ट, जी 'हिमतीवर उभं केलं' या पुराणात येत नाही: जमीन एमआयडीसीने संपादून दिली, प्रोत्साहन योजनांतून करांत सूट मिळाली, आणि विजेच्या महागाईवर उतारा म्हणून २०१६ मध्ये राज्याने विदर्भ-मराठवाड्याच्या उद्योगांना वीजदरात सवलत दिली. तिचा मोठा लाभ साहजिकच वीज खाणाऱ्या भट्ट्यांना झाला. हिंमत होतीच, पण तिच्या पाठीशी सरकारी तिजोरी होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९७९ चा कायदा नव्या श्रमसंहितेत विरघळला आणि पाचाचा उंबरठा दहावर गेला. त्याआधी सप्टेंबरमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली होती. जालन्यात चालत आलेल्या रिवाजाला त्यामुळे कायद्याचा आधार मिळतो. तरीही एक गोष्ट अजून सरकारच्या हातात आहे. कोणत्या कारखान्याला विजेत किती सवलत मिळाली याचा हिशेब महावितरणकडे युनिटनिशी असतो. त्याच तक्त्यात, त्याच कारखान्याच्या ओळीत, पाळीचे तास, ठेकेदाराचा परवाना क्रमांक आणि त्याच्या मजुरांचे जिल्हे छापण्याची अट सवलतीच्या आदेशात एका कलमाने घालता येते.